आतला पॅड आणि चालकाचा पाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या वाहन पुरवणीतला ब्रेकवरचा लेख वाचला. ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आतून-बाहेरून दाबणाऱ्या पट्ट्या, असमान झिजतात याचं सगळं खापर लेखकमहाशयांनी चालकाच्या पायावर फोडलं आहे. 'ब्रेक हलक्या पायाने दाबा' हा सल्ला शिरसावंद्य. पण एकाच चाकातला आतला पॅड पत्र्यापर्यंत जातो आणि बाहेरचा जवळजवळ नवा राहतो, तेव्हा माझा पाय नेमका आतलाच पॅड कसा निवडतो, एवढं त्यांनी समजावून सांगावं.

माझ्या एसयूव्हीचं सर्व्हिसिंग करताना चाक न उतरवता, अलॉयच्या फटीतून बॅटरी मारून 'पॅड भरपूर आहेत' असं जॉब कार्डावर लिहून दिलं गेलं. त्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड! काही दिवसांतच मागून खरखर सुरू झाली. चाक उतरवलं तर आतल्या पॅडची नुसती लोखंडी पाटी डिस्कला घासत होती, आणि डिस्कवर नख अडकेल असे चरे. दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम. एकीचं रबरी बूट फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी तांबूस चिखल. पिस्टन एकाच बाजूला असतो, तो आतल्या पॅडला ढकलतो. कॅलिपर सरकला तरच बाहेरचा पॅड डिस्कला नीट दाबला जातो. इथे तो सरकतच नव्हता. हे सगळं समोर मांडलेलं असताना काउंटरवरचे साहेब मला म्हणतात, "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता वाटतं." तुमचे लेखक त्यांचेच कोणी नसावेत अशी आशा आहे.

ट्रकची तर लेखात दोन ओळींत बोळवण झाली. हवेच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपरही असाच पिनांवर सरकतो आणि असाच अडकतो. ड्रम ब्रेकच्या गाडीत ड्रम आणि लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) यांच्यातलं अंतर राखणारे दोन्ही बाजूंचे स्लॅक अ‍ॅडजस्टर सारखे नसले की एका चाकाचा लायनर आधी जातो आणि भरलेली गाडी ब्रेक मारताच एका अंगाला ओढते. बोलणी खातो तो ड्रायव्हरच.

पुरवणीला खरंच लोकांना शिकवायचं असेल तर एवढंच छापा: चाक उतरवल्याशिवाय पॅड तपासला असं मानू नका, आणि कार्डावर आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी वेगवेगळी लिहून मागा. नवा पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटरचा असतो, 3 वर आला की बदलायचा. पॅड बदलताना पिना साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावून घ्या. हाताशी असलेलं कुठलंही ग्रीस फासलं तर बुटाचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत 'झिजलेला ब्रेक पॅड' म्हणून जो फोटो छापला आहे, तो क्लच प्लेटचा आहे. छपाई मात्र उत्तम, मधल्या स्प्रिंगा मोजता येतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार