ओव्हरहॉलिंगमध्ये कम्युनिकेशन केबलही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगली-सातारा पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत सध्या ऑफ सीझनची कामे चालू आहेत. मिलचे रोलर निघालेत, टर्बाइन उघडलेय, बॉयलरच्या नळ्या तपासून होतायत. एवढ्या उघडझापीत एका पॅनेलमधून दुसऱ्या पॅनेलकडे संदेश नेणाऱ्या बारीकशा जांभळ्या नाहीतर करड्या केबलकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मग गव्हाणीत मोळी पडते आणि पहिल्याच पंधरवड्यात रात्री-अपरात्री ‘कम्युनिकेशन फॉल्ट’ दाखवून ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणे) ट्रिप व्हायला लागतात. यार्डात ट्रॅक्टर तुंबतात, तोडलेला ऊस वाळतो, आणि घटलेल्या वजनाचा फटका बसतो शेतकऱ्याला. म्हणून हे पत्र.

फॉल्ट आला की पुण्याहून माणूस बोलवायचा आणि ड्राइव्हमध्ये नवे कम्युनिकेशन कार्ड घालायचे, अशी आपल्याकडची रीत. कार्ड जळतेही, नाही असे नाही. पण ते का जळले हे न बघता दुसरे घातले तर तेही त्याच वाटेने जाते. आणि ती वाट बऱ्याचदा ओव्हरहॉलिंगमध्येच तयार झालेली असते.

रोलरवर हार्ड फेसिंग (कठीण धातूचा थर चढवण्याचे वेल्डिंग) चालू असताना वेल्डिंगचा रिटर्न क्लॅम्प कुठे लावलाय ते एकदा जाऊन पाहावे. जवळचा कॉलम, पाइप, कधी चक्क केबल ट्रे! दीड-दोनशे अँपिअरचा प्रवाह वेल्डिंग मशीनकडे परततो तो मिळेल त्या सगळ्या वाटांनी. कम्युनिकेशन केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली असेल, तर त्यातला काही हिस्सा तिच्यातूनही जातो. शील्ड तापून आतले इन्सुलेशन मऊ पडते. ही केबल ज्याला जोडतात त्या आरएस-४८५ पोर्टची चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढ्याच मर्यादेत काम करण्यासाठी बनलेली असते. व्होल्टेज त्यापलीकडे गेले की ती कधी जागच्या जागी जाते, कधी अर्धमेली होऊन हंगामात दगा देते. यावर उपाय फुकटचा आहे. रिटर्न क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्डिंग चालू आहे त्यावरच, आर्कच्या जितका जवळ लावता येईल तितका लावावा, आणि त्या भागातल्या ड्राइव्हचे कम्युनिकेशन कनेक्टर तेवढ्यापुरते काढून ठेवावेत.

केबल तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. प्रोफिबस (उपकरणांना एकमेकांशी जोडणारी एक संदेश-पद्धत) असेल तर लाइनवरच्या सगळ्या उपकरणांची वीज बंद करावी, एका टोकाला हिरव्या आणि लाल तारेतला रेझिस्टन्स मोजावा. दोन्ही टोकांचे टर्मिनेशन (लाइनच्या टोकाला लागणारे रेझिस्टर) चालू असेल तर साधारण ११० ओहम दिसतो, लांब केबलवर थोडा जास्त. २२० च्या आसपास आकडा आला तर एका टोकाचे टर्मिनेशन लाइनवर येत नाही, म्हणजे त्याचा कनेक्टरवरचा स्विच ऑफ आहे किंवा तार मध्येच तुटली आहे. स्विच फक्त दोन टोकांच्या कनेक्टरवर ऑन हवा. मधल्या एखाद्या ड्राइव्हचा चुकून ऑन राहिला, तर बहुतेक कनेक्टरमध्ये पुढे जाणारी केबल आतूनच तुटते आणि पलीकडचे सगळे ड्राइव्ह एकदम गायब होतात. येणारी आणि जाणारी केबल कनेक्टरमध्ये उलटसुलट बसवली तरी टोकाला घोळ होतो, म्हणून तिथला बाण बघूनच तार घालावी.

यातली आणखी एक मेख अनुभवी माणसालाही चकवते. प्रोफिबसच्या टर्मिनेशनला ५ व्होल्ट लागतात आणि ते टोकाच्या उपकरणातून येतात. टोकाचा ड्राइव्ह देखभालीसाठी बंद केला की त्या बाजूचे टर्मिनेशनही जाते आणि भलताच ड्राइव्ह ट्रिप होतो. मोठ्या लाइनवर टोकाला स्वतंत्र पुरवठ्याचे टर्मिनेटर बसवणे हाच इलाज. लाइनवर संदेश जाण्याचा स्पीडही बघावा. १.५ एमबीपीएसला एका सेगमेंटची (लाइनच्या एका सलग तुकड्याची) केबल २०० मीटरच्या आत हवी, १२ ला १०० च्या आत. मिल हाऊसपासून बॉयलरपर्यंत एवढ्याने भागत नाही. तिथे १८७.५ केबीपीएसला १००० मीटर मिळतात, पण दोन इमारतींमध्ये सरळ ऑप्टिकल फायबर टाकावी हे आमचे स्पष्ट मत. परतीच्या पावसात वीज पडली तरी फायबरमधून पोर्टपर्यंत काही पोचत नाही.

मॉडबस या दुसऱ्या संदेश-पद्धतीवर एनर्जी मीटर आणि छोटे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असतात. तिथे दोन्ही टोकांना १२० ओहम, म्हणजे मीटरवर ६० च्या आसपास यायला हवे. ४० आले तर मध्ये कुठेतरी तिसरे टर्मिनेशन लागलेले आहे. लाइन एका उपकरणातून दुसऱ्यात अशी माळेसारखी जावी. जंक्शन बॉक्समधून चार फाटे काढले की संपलेच. नवा व्हीएफडी बसवताच जुनी चालू लाइन बंद पडते, तेव्हा तो बहुधा फॅक्टरी सेटिंगचा पत्ता १ घेऊन आलेला असतो आणि १ नंबरचा मीटर लाइनवर आधीपासून हजर असतो. दोघे एकदम उत्तर देतात आणि पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) दोघांचेही कळत नाही. डेल्टा कंपनीच्या डीव्हीपी पीएलसीचे संदेशाच्या वेगाचे आणि मांडणीचे मूळ सेटिंग ९६००, ७ बिट, इव्हन, १ स्टॉप, आस्की असे असते, आणि मीटर सहसा ८ बिट आरटीयू मागतो. केबल खेचाखेची करण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

उंदरांचा बंदोबस्त, पॅनेलची सीलिंग गॅस्केट, सल्फिटेशनजवळ (उसाच्या रसात गंधकाचा वायू सोडतात तिथे) गंजलेली टर्मिनल या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, फक्त कराव्यात.

कुपवाड, मिरज आणि सातारा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत हल्ली सगळे इथरनेटवर आले आहे आणि मशीन, ऑफिस, सीसीटीव्ही एकाच स्वस्त नेटवर्क स्विचला लटकलेले असतात. कोणीतरी सुटी पॅच कॉर्ड त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टमध्ये खुपसतो, लूप तयार होतो आणि काही क्षणांत अख्खे नेटवर्क गुदमरते. पीएलसी आणि एचएमआयसाठी (ऑपरेटरच्या स्क्रीनसाठी) वेगळा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच ठेवावा, तांब्याची केबल १०० मीटरच्या आत ठेवावी. मॉडबस १९७९ चा. त्यात पासवर्ड हा प्रकारच नाही. त्यामुळे दुरून मशीन बघता यावे म्हणून राउटरवर मॉडबसचा ५०२ नंबरचा पोर्ट इंटरनेटला उघडून देणे म्हणजे कोणालाही मोटर चालू-बंद करायची मुभा देणे आहे. दुरून बघायचेच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित जोडणी) वापरावे, आणि तेही काम संपले की बंद करावे.

राहिला प्रोग्रॅमचा बॅकअप. अनेक जुन्या पीएलसींत प्रोग्रॅम बॅटरीवर टिकलेला असतो. ऑफ सीझनला महिनोन् महिने पॅनेल बंद, त्यात बॅटरी संपलेली, म्हणजे हंगामाच्या तोंडावर पीएलसी कोरा. बॅटरी पॅनेल चालू ठेवून बदलावी, आणि त्याआधी बॅकअप घ्यावा. इथेच अडते, कारण मशीन बनवणाऱ्याने पासवर्ड टाकलेला असतो आणि तो फोन उचलत नाही. नक्कल होईल ही त्याची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. पण पैसे मोजून मशीन घेणाऱ्याला ते चालू ठेवण्याचा हक्क आहेच. कॉमेंटसह प्रोग्रॅम, एचएमआयची मूळ फाइल, ड्राइव्हच्या पॅरामीटरची यादी आणि वायरिंगचे ड्रॉइंग मिळाल्याशिवाय शेवटचा १० टक्के हप्ता द्यायचा नाही, अशी अट परचेस ऑर्डरमध्येच घालावी. हवे तर प्रोग्रॅम सीलबंद पाकिटात दोघांच्या सहीने ठेवावा.

कारखान्यांच्या संचालक मंडळांना एक विनंती. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या निदान आठवडाभर आधी सगळे ड्राइव्ह लोडशिवाय चालू करून कम्युनिकेशनचा एरर काउंटर (संदेशातल्या चुका मोजणारा आकडा) शून्यावर आणावा आणि २४ तास तसेच चालू ठेवावे. दुसऱ्या दिवशी काउंटर वाढलेला दिसला, तर लाइनवरच्या ज्या स्टेशनवर (उपकरणावर) वाढला तिथून दोन्ही बाजूंचे कनेक्टर उघडून पाहावेत.

आपले,
औद्योगिक नियंत्रण पॅनेलची कामे करणारे काही तंत्रज्ञ,
कुपवाड, जि. सांगली