टीईटी महाराष्ट्राची, नोकरी गुजरातेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पतीची बँकेत बदली झाल्यामुळे जून २०२४ मध्ये धुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतील नोकरीचा राजीनामा देऊन मी बडोद्यास आले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आंतरजिल्हा बदली मागता येते, पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभही घेता येतो. परंतु या सर्व सोयी राज्याच्या हद्दीपाशी संपतात. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही भाग गुजरातेत आहे. सामान घेऊन येताना आमची गाडी तेथे थांबली, तेव्हा फलाटाच्या एका टोकाला मी सहशिक्षिका होते आणि दुसऱ्या टोकाला नवशिकी उमेदवार, हे माझ्या ध्यानातही आले नाही. ते ध्यानात यायला पुढचे सहा महिने लागले. त्या अनुभवावरून, एका राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा दुसऱ्या राज्यात न चालण्याच्या धोरणात्मक त्रुटीकडे लक्ष वेधावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी पात्रता थोडक्यात सांगते. २००९ मध्ये डी.एड., त्यानंतर बी.एस्सी., डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदाच झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, उत्तीर्ण. काही वर्षे विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर काम केले, शिक्षक भरतीसाठीची २०१७ ची अभियोग्यता चाचणी दिली आणि २०१९ मध्ये भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. तीन वर्षे सहा हजारांच्या मानधनावर काढली. (ते मानधन पुढे सोळा हजार झाले, तोवर आमची मुदत संपली होती.) राजीनामा दिला तेव्हा सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवत होते.

बडोद्यास आल्यावर कोणत्या जागांसाठी अर्ज करता येईल, हे विचारण्यासाठी मी शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या लिपिकांनी फाइल शांतपणे चाळली, माझ्या डी.एड.च्या गुणपत्रिकेवर बोट ठेवले आणि विचारले, "आमां पीटीसी क्यां छे?" (यात पीटीसी कुठे आहे?) गुजरातेत प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला वर्षानुवर्षे पीटीसी म्हणत आले आहेत, आपल्याकडे तीच पदविका आधी डी.एड., मग डी.टी.एड. आणि आता डी.एल.एड. झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत या अडचणीचा विचार झालेला आहे. दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका, मग ती कोणत्याही नावाने ओळखली जात असो, असे शब्द त्यात आहेत. ती अधिसूचना छापून पुन्हा गेले, तेव्हा पदविकेचा प्रश्न मिटला. गुणपत्रिकांवरचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावरचे सासरचे नाव यांचा मेळ घालायला मात्र क्षणभरही लागला नाही, कारण मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येण्याची रीत गुजरातेतही आहे. इतर राज्यांत गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना याच कारणासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्र घेऊन हेलपाटे घालावे लागले.

खरा अडसर टीईटीचा. महाराष्ट्राची टीईटी येथील सरकारी भरतीत चालत नाही आणि गुजरातची टीईटी-२, म्हणजे सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठीची परीक्षा, एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे मी येण्यापूर्वीच, होऊन गेलेली होती, असे मला सांगण्यात आले. आता या दोन परीक्षांत फरक तो काय? दोन्ही परीक्षा शिक्षण हक्क कायद्याखाली परिषदेने ठरवून दिलेल्या एकाच चौकटीत होतात. प्रश्न दीडशे, गुण दीडशे, उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के. प्रमाणपत्राची पूर्वीची सात वर्षांची मुदतही जून २०२१ मध्ये केंद्राने काढून टाकून ते आजीवन केले, आणि २०११ पासूनच्या सर्व प्रमाणपत्रांना तो निर्णय लागू आहे. म्हणजे माझे २०१३ चे प्रमाणपत्र मरेपर्यंत वैध आहे, फक्त नवापूरपर्यंतच.

परिषदेच्या ११ फेब्रुवारी २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत यावर तोडगा होता. राज्याच्या शाळांना दुसऱ्या राज्याचे टीईटी प्रमाणपत्र मिळवलेल्या उमेदवाराच्या पात्रतेचाही विचार करता येईल, असे त्यांत म्हटले आहे. "करता येईल" याचा अर्थ प्रत्यक्षात "केला नाही तरी चालेल" असा होतो, आणि सारे घोडे तेथेच अडले आहे. तो विचार करणे राज्यांवर बंधनकारक व्हावे, एवढीच माझी मागणी आहे.

यावर भाषेचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्तही आहे. गुजराती माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याला गुजराती आलीच पाहिजे. महाराष्ट्रात मराठीविषयी आपण हाच आग्रह धरतो. मी तर वर्गात उभी राहून या अडचणीचा अनुभव घेतला आहे. काटकोन येथेही काटकोण आहे, त्यामुळे भूमितीत निभावले. पण लसावि आणि मसावि यांना येथे लसाअ आणि गुसाअ म्हणतात, हे मला सहावीच्या एका मुलीने सांगितले. तरीही भाषेची कसोटी वेगळी घेता येते. त्यासाठी बालमानसशास्त्र, अध्यापनशास्त्र, गणित आणि विज्ञान यांची उत्तीर्ण झालेली परीक्षा नव्याने द्यायला लावण्याचे कारण नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या शिक्षकाने वर्षभरात स्थानिक भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अशी अट घातली तर माझ्यासारखी कोणीही ती आनंदाने मान्य करील.

वास्तव्याच्या अटीचा प्रश्न वेगळा आहे. केवळ जन्मस्थान किंवा निवासस्थान पाहून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही आणि वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १६ सांगतो. शिक्षक भरतीत त्याच जिल्ह्याच्या रहिवाशांना जादा गुण देण्याची राजस्थानची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कैलाशचंद शर्मा खटल्यात अमान्य केली. तरीही गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आजही मागितला जातो. राखीव प्रवर्गातील उमेदवाराने राज्य बदलले की नव्या राज्यात त्याला खुल्या प्रवर्गातूनच अर्ज करावा लागतो, हेही अनेकांना निघण्यापूर्वी ठाऊक नसते.

उरतात त्या खासगी शाळा आणि केंद्रीय विद्यालये. खासगी शाळांपैकी एकीने माझा नमुना पाठ घेतला, पाठ आवडल्याचेही सांगितले आणि पगार ठरवताना मात्र "अनुभव राज्याबाहेरचा आहे" या कारणाने नवख्या शिक्षकाचा आकडा पुढे केला. अपूर्णांकांचा भागाकार धुळ्यात शिकवला काय आणि बडोद्यात शिकवला काय, त्यात राज्याबाहेरचे असे काय असते, हे मला अजून उमगलेले नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मी केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे सीटीईटी, दिली. ही परीक्षा वीस भाषांतून दोन भाषाविषय निवडण्याची मुभा देते व त्यांत मराठीही आहे, हे राज्य सोडणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवे. विषयाचे प्रश्न मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असतात, त्यामुळे अकरा वर्षांपूर्वी मराठीतून सोडवलेले प्रश्न मी "समकोण त्रिभुज" आणि "समापवर्त्य" असे शब्द पाठ करून पुन्हा सोडवले. त्या प्रमाणपत्रावर मला एका केंद्रीय विद्यालयात कंत्राटी जागा मिळाली. दर वर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते, पण वर्ग मिळाला.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले. त्यावरून शिक्षकवर्गात किती अस्वस्थता आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. ज्या परीक्षेवाचून वीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाचीही नोकरी टिकणार नाही, ती परीक्षा शेजारच्या राज्यात निरुपयोगी ठरावी, ही विसंगती आता तरी दूर व्हायला हवी.

महाराष्ट्राने यात पुढाकार घ्यावा, असे सुचवते. आपल्या शिक्षक भरतीत सीटीईटी ग्राह्य धरली जातेच. त्याच धर्तीवर गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणा आणि गोवा या शेजारी राज्यांशी टीईटीच्या परस्पर मान्यतेचा करार करता येईल. सुरतेत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, बेळगाव भागात मराठी शाळा आहेत. तेथे मराठीतून शिकलेल्या शिक्षकांची गरज असताना अशा कराराचा लाभ दोन्ही बाजूंना होईल. आणखी एक काम तर महाराष्ट्राला एकट्यालाही करता येण्यासारखे आहे. २०१९ च्या टीईटीतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली आणि तेव्हापासून आमच्या प्रमाणपत्राकडे परराज्यात संशयाने पाहिले जाते. माझे प्रमाणपत्र २०१३ चे असूनही एका मुलाखतीत "ही त्याच परीक्षेची टीईटी का?" असे मला विचारण्यात आले. २०१३ पासूनची सर्व प्रमाणपत्रे कोणत्याही राज्यातील शाळेला आसनक्रमांक टाकून एका मिनिटात पडताळता यावीत, अशी सोय महाराष्ट्राच्या राज्य परीक्षा परिषदेने करावी.

पतीची पुढची बदली दोन-तीन वर्षांत अपेक्षित आहे. कोणत्या राज्यात, ते बँकेलाच ठाऊक. ज्या भगिनींना असेच निघावे लागणार आहे, त्यांनी सेवापुस्तिकेची साक्षांकित प्रत आणि अनुभवाच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी राजीनामा मंजूर होण्यापूर्वीच मिळवावी. नंतर त्या एका सहीसाठी मला बडोदे-धुळे असा प्रवास तीनदा करावा लागला.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, बडोदे