उंदराच्या पेशी, माणसाच्या पेशी आणि कोरे राहिलेले रकाने : विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सादर नमस्कार.

मी पुण्यात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी जनुक-अभिव्यक्तीचा डेटा तपासण्याचं काम करते. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींना एखादं औषध दिलं, जंतूंचा संसर्ग केला, की कोणती जनुकं जोरात कामाला लागतात आणि कोणती थंडावतात, हे पेशींमधला आरएनए (जनुक चालू झालं की निघणारी त्याची नक्कल) मोजून पाहायचं. एकेका नमुन्यातून वीसेक हजार जनुकांचे आकडे येतात. माझं तुमच्याकडे मागणं असं आहे : सरकारी पैशातून झालेल्या अशा प्रत्येक प्रयोगाचा मूळ डेटा जमा करून घेताना, प्रत्येक नमुना कधी, कुठे, कसा हाताळला गेला याची पूर्ण नोंदही सक्तीनं घ्या, आणि ती नोंद ठेवणाऱ्या माणसाचा पगार अनुदानात धरा. पत्र जाहीरपणे आणि मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्या करातून हे प्रयोग होतात त्यांनाही यातलं काय टिकतं नि काय वाया जातं ते कळायला हवं.

हे कारकुनी काम वाटू शकेल, म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगते. २०१४च्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या गटानं माणसाच्या आणि उंदराच्या वेगवेगळ्या अवयवांमधल्या जनुक-अभिव्यक्तीची तुलना प्रसिद्ध केली. निष्कर्ष धक्कादायक होता. उंदराचं यकृत माणसाच्या यकृतापेक्षा उंदराच्याच इतर अवयवांशी जास्त मिळतंजुळतं आहे, असं आकडे सांगत होते. हे खरं मानलं तर उंदरावरून माणसाबद्दल बोलायचा पायाच हलतो. काही महिन्यांनी, २०१५मध्ये, शिकागो विद्यापीठातल्या योआव गिलाड आणि ऑर्ना मिझ्राही-मान यांनी तोच डेटा पुन्हा उघडला. सिक्वेन्सिंग म्हणजे आरएनएचे तुकडे यंत्रावर अक्षर-अक्षर वाचणं. त्याच्या मूळ फाइलमध्ये वाचलेल्या प्रत्येक तुकड्याच्या वर एक ओळ असते. यंत्र कोणतं, कितवा रन (यंत्राची फेरी), कोणती लेन (यंत्रातल्या काचपट्टीवरचा कप्पा), हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळी वाचल्यावर दिसलं, की माणसाचे आणि उंदराचे नमुने बहुतांशी वेगवेगळ्या खेपांत वाचले गेले होते. खेपेचा परिणाम गणितानं वजा केल्यावर यकृत यकृताशेजारी आणि मेंदू मेंदूशेजारी येऊन बसला. मूळ लेखकांनी हा आक्षेप मान्य केला नाही आणि वाद पुढे चालला. पण वाद घालणं शक्य झालं, ते त्या एका ओळीमुळे. ती ओळ गाळलेली असती तर आज आपण तो निष्कर्ष गृहीत धरून चाललो असतो.

त्याआधी २०१३मध्ये असाच एक खटका उडाला होता. भाजणं, मोठा अपघात आणि जंतुविषाची बाधा यांत माणसाच्या रक्तातली जनुकं जशी बदलतात, तशी उंदराची जवळजवळ बदलतच नाहीत, असं एका अमेरिकी गटानं मांडलं. पुढच्या वर्षी दोन जपानी संशोधकांनी तेच आकडे घेऊन, जनुकं निवडण्याची रीत बदलून, नेमकं उलटं लिहिलं. दोन्ही लेख एकाच नियतकालिकात आले. कोण बरोबर, यावर माझं मत आहे (दुसऱ्या गटाची निवड मला पटत नाही), पण डेटा सर्वांसमोर होता म्हणूनच मला मत तरी बनवता आलं.

आपल्या देशाला यातलं सर्वांत जवळचं उदाहरण क्षयरोगाचं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. उंदराच्या भक्षक पेशींना (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींना) जंतूची चाहूल लागली, की त्या नायट्रिक ऑक्साइड बनवणारं जनुक धडाक्यात चालू करतात, आणि क्षयाच्या जंतूविरुद्ध उंदराचं ते मोठं हत्यार आहे. माणसाच्या भक्षक पेशी बशीत वाढवून तोच प्रयोग केला, तर ते जनुक जेमतेम हलतं. माणसाच्या पेशी ‘ड’ जीवनसत्त्वावर चालणाऱ्या वेगळ्या वाटेनं जंतुनाशक प्रथिन बनवतात. २००६मध्ये ही वाट उलगडली. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या फुप्फुसात माणसासारख्या मधोमध कुजलेल्या गाठीही सहसा होत नाहीत. २००२मध्ये उंदराचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा दिसलं होतं, की त्याच्या ९९ टक्के जनुकांना माणसात जोडीदार आहे. जनुकं तीच, पण ती केव्हा आणि किती चालू होतात यात सुमारे साडेसात कोटी वर्षांची फारकत आहे. एखादं औषध उंदरात चाललं आणि माणसात का चाललं नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथे दडलेलं असतं. २०२३मध्ये तुमच्याच सरकारनं नव्या औषधांच्या नियमांत बदल करून माणसाच्या पेशींवर आधारलेल्या चाचण्यांना वाट मोकळी केली. म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून पाहण्याची गरज आता वाढणार आहे.

आता आपल्याकडे काय होतं ते सांगते. अनुदान हप्त्यांनी येतं. पहिल्या हप्त्यात उंदरांचे नमुने घेऊन आरएनए काढला जातो. दुसरा हप्ता लांबतो. नमुने वाचण्यासाठी तयार करायच्या रसायनांचं किट परदेशातून यायचं असतं, ते थंड साखळीत अडकतं, आणि माणसाचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये महिनोन् महिने पडून राहतात. शेवटी ते वेगळ्या लॉटच्या (उत्पादनाच्या खेपेच्या) किटनं, वेगळ्या हातांनी, वेगळ्या यंत्रावर वाचले जातात. मग उंदीर आणि माणूस यांतला फरक म्हणून जे माझ्या पडद्यावर येतं, त्यात दोन हप्त्यांमधलं अंतरही मिसळलेलं असतं. मंत्रिमहोदय, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं : कोषागारातला विलंब जनुकांच्या आकड्यांत उतरतो, आणि नोंद नसेल तर तो शोधून बाहेर काढता येत नाही.

माणसाच्या ऊतींचं तर आणखी अवघड. उंदराचं यकृत काढल्यापासून मिनिटभरात द्रव नायट्रोजनमध्ये जाऊ शकतं. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मात्र आधी निदानासाठी जातो, उरलेला भाग संशोधकाच्या हाती येईपर्यंत तास लोटतो. तेवढ्या वेळात पेशी प्राणवायूच्या अभावाला तोंड देणारी जनुकं चालू करतात आणि आरएनएही विरायला लागतो. नमुना कधी काढला आणि कधी गोठवला, हे दोन आकडे लिहिले असतील तर मी त्याचा हिशेब धरू शकते. माझ्याकडे येणाऱ्या तक्त्यांत हे रकाने बहुतेक वेळा कोरे असतात. विचारायला फोन करावा, तर ज्यानं नमुना घेतला तो प्रोजेक्ट असोसिएट प्रकल्प संपताच निघून गेलेला असतो आणि त्याची वही कपाटात कुणाला सापडत नाही.

बशीत वाढवलेल्या पेशींना वाटतं तितकं स्थिर समजू नये. शेकडो सेल लाइन (एकाच मूळ नमुन्यापासून पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) जगभर चुकीच्या नावानं फिरत आल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्षात हेला पेशी, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या एका जुन्या कर्करोगाच्या पेशी, निघाल्या. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू कल्चरमध्ये शिरला तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन लागू पडत नाही, आणि पेशींची शेकडो जनुकं मात्र तो बदलून टाकतो. औषधाचा परिणाम म्हणून छापलेला बदल या जिवाणूचाही असू शकतो. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशी-भांडार देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवतं, ही आपली मोठी ठेव आहे. पण तिथून पेशी बाहेर पडल्यावर पुढे त्या कितीदा वाढवल्या, ओळख-चाचणी आणि मायकोप्लाझ्माची चाचणी शेवटची कधी केली, हे प्रत्येक प्रयोगशाळेनं लिहिलं तरच त्या ठेवीचा उपयोग.

काहीच झालेलं नाही असं मी म्हणत नाही. २०२१मध्ये जैविक डेटा खुला करण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. २०२२मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं. २०२४च्या अर्थसंकल्पानंतर प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं सीमाशुल्क १५० टक्के झालं होतं, ते काही दिवसांतच पुन्हा १० टक्क्यांवर आणलं गेलं. २०२५मध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले. जागा आहे आणि ऐकून घेण्याची तयारीही आहे, म्हणून तर लिहिते आहे.

अनुदानाचा शेवटचा हप्ता देताना मूळ फाइल त्यांच्या यंत्र-रन-लेनच्या ओळींसकट जमा झाल्या का, हे पाहावं. सोबत नमुना घेण्याची आणि गोठवण्याची वेळ, आरएनए काढल्याची तारीख, किटचा लॉट, पेशींचं मूळ, पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या बशीत वाढवल्या) आणि चाचण्यांची तारीख यावी. माणसाच्या डेटातून व्यक्तीची ओळख पटू शकते, तेव्हा तो परवानगीनंच उघडावा. नमुन्याच्या हाताळणीची नोंद मात्र सर्वांना दिसायला हरकत नसावी. एकाच तुलनेतले सगळे नमुने एका खेपेत वाचता येतील, अशा बेतानं सिक्वेन्सिंगचा पैसा एकरकमी द्यावा. आणि प्रत्येक संस्थेत या नोंदी सांभाळणारी एक तरी कायम जागा असावी, प्रकल्पाबरोबर संपणारी नव्हे.

याचा लाभ गरीब प्रयोगशाळांना सर्वांत जास्त होईल. आपल्याकडे बहुतेकांना प्रत्येक गटात तीनच नमुने परवडतात. यीस्टवर २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिसलं, की तीन नमुन्यांवर खऱ्या बदललेल्या जनुकांपैकी जेमतेम २० ते ४० टक्के हाती लागतात. पुणे, मुंबई, बंगळुरू, दिल्ली इथल्या तीन-तीन नमुन्यांची बेरीज केली तर ही उणीव बरीच भरून निघेल. ती बेरीज करायला मी आणि माझ्यासारखे अनेकजण आज बसू शकतो, फक्त कोणता नमुना कोणत्या खेपेतला हे माहीत हवं.

या नोंदीचा नमुना-तक्ता ठरवणारी समिती नेमाल तेव्हा तिच्यात संचालकांबरोबर प्रत्यक्ष बेंचवर काम करणारे पीएचडीचे विद्यार्थी आणि प्रोजेक्ट असोसिएटही घ्या. रात्री अकराला नमुना आला तर कोणता रकाना भरणं जमतं आणि कोणता जमत नाही, हे तेच सांगू शकतील.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक डेटा विश्लेषक