वहीतली खोडाखोड

प्रिय आई-बाबा,

फोनवर तुम्ही दोघंही हल्ली एकच विचारता: एवढं थकवणारं काम, त्यात समाधान मिळतं तरी कुठे? तुमची काळजी रास्त आहे. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हायस्कूलच्या शिक्षकाला वर्षाचा मधला काळ सगळ्यात जड जातो. सुरुवातीला नवी मुलं, नवे वर्ग यांचा हुरूप असतो आणि शेवटी परीक्षेची घाई माणसाला ओढत नेते. मध्ये मात्र नुसते गठ्ठे. चाळीस मुलांचे चार वर्ग म्हणजे १६० पेपर. एका पेपरला सहा मिनिटं धरली तरी सोळा तास, आणि तेही शाळा सुटल्यानंतरचे. पण माणूस खचतो तो फक्त या तासांमुळे नाही. मागच्या बाकावरच्या तिघांचा गोंधळ त्याच क्षणी कानावर येतो. उरलेल्या सदतीस जणांच्या डोक्यात काय उजेड पडला, ते कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून अवघड दिवसांत समाधान आपणहून येण्याची वाट बघायची नसते. ते दिसावं अशी सोय करून ठेवावी लागते.

एक सोय अगदी साधी आहे. तासाची शेवटची चार मिनिटं राखून ठेवायची आणि प्रत्येकाला चतकोर कागदावर एकच प्रश्न सोडवायला द्यायचा. ‘समजलं का?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’ लिहून मोकळे होतात. प्रश्न असा हवा की न समजलेलं लपणार नाही. उदाहरणार्थ, ‘७ − (क्ष − ३) सोडव आणि चिन्ह का बदललं ते एका ओळीत लिही.’ उत्तर १० − क्ष. पण बरीच मुलं ४ − क्ष लिहितात, कारण कंसाबाहेरचं वजा फक्त पहिल्या पदाला लागतं अशी त्यांची समजूत असते. चिठ्ठ्यांना गुण द्यायचे नाहीत. जमलं, अर्धवट जमलं, जमलं नाही असे तीन ढीग करायचे. चाळीस चिठ्ठ्यांना दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशीचा तास मधल्या ढिगापासून सुरू करायचा. हे रोज, प्रत्येक वर्गात करायला गेलं की त्याचाच नवा गठ्ठा होतो आणि आठवड्याभरात सगळं बंद पडतं. एका वेळी एक वर्ग, आठवड्यातून दोनदा, एवढंच झेपतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. आधी प्रश्न विचारायचा, मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की बाकीचे निश्चिंत होतात. उत्तर आल्यावरही पुन्हा तीन आकडे, कारण खरं कारण बहुधा दुसऱ्या वाक्यात येतं. बिघडतं ते एकाच जागी: शांतता सहन होत नाही आणि शिक्षकच उत्तर सांगून टाकतो.

पण खरा आनंद कुठे असेल, तर तो वहीत. वर्गाचा विस्तार विचारला की (अ + ब)² = अ² + ब² असं मुलं पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आली आहेत. त्यावर लाल फुली मारली की मूल सूत्र पाठ करतं आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच घसरतं. त्याऐवजी शेजारी एवढंच लिहायचं: ‘अ = ३, ब = ४ घेऊन बघ.’ एका बाजूला ७ चा वर्ग, ४९. दुसऱ्या बाजूला ९ आणि १६ मिळून २५. मूल अडतं, बेरीज पुन्हा तपासतं. मग ७ बाजूचा चौरस काढायला सांगायचा आणि त्याची प्रत्येक बाजू ३ व ४ अशी तोडायची. दोन चौरस सापडतात, आणि शिवाय ३ गुणिले ४ चे दोन आयत, ज्यांचा हिशेबच राहून गेला होता. १२ आणि १२, चोवीस. पंचवीस आणि चोवीस, एकोणपन्नास. हरवलेलं २अब मूल स्वतः शोधून काढतं. म्हणून चूक खोडरबराने पुसू द्यायची नाही, एका रेघेने खोडायला सांगायचं. खोडलेली ओळ, खाली चौरस, त्याखाली बरोबर ओळ, एवढं एका पानावर दिसलं की शिकणं डोळ्यांनी बघता येतं. कितीही कंटाळवाण्या गठ्ठ्यात असं एखादं पान निघतंच, आणि त्यासाठी मी हे काम करते.

अशा वह्यांवर शेरा लिहावा, गुण देऊ नयेत. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ चा अभ्यास हेच दाखवतो. नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही दिले, तेव्हा शेऱ्याचा फायदा दिसला नाही. मुलांची नजर आकड्यावर जाते आणि तिथेच अडकते. मात्र शेऱ्यानुसार दुरुस्ती करायला पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं द्यायलाच हवीत, नाहीतर लिहिलेलं वाया.

जो मुलगा तास चालू देत नाही, त्याच्याशी सलग दहा शाळेचे दिवस रोज दोन मिनिटं बोलायचं. अभ्यास आणि वागणूक सोडून कशावरही. सगळ्यांसमोर बोललं तर तो अवघडतो. आणि शेवटी ‘पण आता अभ्यासाकडे लक्ष दे’ एवढं जरी जोडलं, तरी आधीचं सगळं त्याला सापळा वाटतं.

रात्री झोपण्यापूर्वी नोंद ठेवावी. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: आठवडाभर रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. शिक्षकाने यात मुलाचं नाव आणि त्याची कृती लिहावी. ‘वर्ग छान झाला’ या नोंदीतून पुढे काहीच आठवत नाही. ‘अमक्याने आज स्वतःहून हात वर केला, उत्तर चुकलं तरी खाली बसला नाही’ यातून सगळं आठवतं. दोन आठवड्यांनी ही नावं हजेरीपटाशी ताडून पाहायची. ज्यांच्यापुढे एकही खूण नाही, ती मुलं वाईट नसतात, आपल्या नजरेतून सुटलेली असतात. पुढचे दोन आठवडे त्यांच्याकडे बघायचं. बहुतेकदा सगळ्यात सुखद नोंदी त्यांच्याच निघतात.

मुलांनी आभार मानावेत अशी आशा ठेवू नये. पंधराव्या वर्षी मित्रांसमोर शिक्षकाचं कौतुक करणं सोपं नसतं. आणि त्याची वाट पाहणारा शिक्षक नकळत गोड बोलणाऱ्यांना झुकतं माप देऊ लागतो.

यातून वर्गातली गर्दी कमी होत नाही की शाळेच्या कागदी नोंदींचा पसाराही आवरत नाही. ते प्रश्न बैठकीत मांडावेच लागतात. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, सुट्टीच्या दिवशीही मन उभारी धरेना, तर वह्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. आई, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

तुम्हाला मदत करायची असेल तर एक करा. फोनवर ‘दिवस कसा गेला?’ असं विचारू नका, त्याला ‘ठीक’ एवढंच उत्तर निघतं. ‘आज कुणाला काय जमलं?’ असं विचारा. बाबा, तुम्ही मध्येच हिशेब विचारणार हे मला माहीत आहे, तेव्हा तो चौरस कागदावर काढून जवळ ठेवा. पेपर तपासणीच्या आठवड्यात फोन रात्री नऊनंतर करेन.

तुमची लेक