गुळवेलीबद्दल थोडं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुमच्या गुळवेल घेण्याचा विषय निघाला की बाबा म्हणतात, "झाडपाल्याने कुणाचं वाईट होत नाही," आणि आई, तू फोन घेऊन दुसरंच काहीतरी बोलायला लागतेस. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी एकत्र बसून, सावकाश वाचा.

गुळवेल मला थोतांड वाटत नाही. तोडून टांगलेल्या तुकड्यालाही पालवी फुटते, तेव्हा तिला अमृता का म्हटलं असेल ते कळतं. चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत ती आहे, आणि जुनाट तापात वैद्य तिचा काढा पिढ्यान्‌पिढ्या देत आले. प्रयोगशाळेत तिच्या खोडातल्या पॉलिसॅकराइड नावाच्या घटकामुळे जंतू गिळणाऱ्या पेशी जाग्या होतात, हेही दिसलं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अ‍ॅलर्जीची सर्दी असलेले ७५ जण होते. काहींना ८ आठवडे गुळवेलीचा अर्क दिला, काहींना औषध नसलेली गोळी. अर्क घेणाऱ्यांच्या शिंका आणि नाक गळणं बरंच कमी झालं. पण ते आधीच त्रास असलेले लोक होते. धडधाकट माणसाने रोज घेतली तर पुढचे आजार टळतात, हे त्यातून ठरत नाही.

आई, मला खरी काळजी तुझी आहे. तुझं थायरॉइडचं दुखणं हाशिमोटोचं. तुझी प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती तुझ्याच ग्रंथीवर उलटली आहे. आणि आपण रोज सकाळी चमचाभर गुळवेलीचं चूर्ण देऊन तिलाच आणखी चेतवतोय. "प्रतिकारशक्ती वाढते" हे वाक्य ऐकायला इतकं छान वाटतं की ती कुणाची आणि कशावर वाढते, हे विचारायचंच राहून जातं. मीही तुला तेव्हा "घे की" म्हटलं होतं, त्याचं वाईट वाटतं.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद केली. पुढे १३ केंद्रांतल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या यकृतात ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखं, चित्र होतं. घ्यायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४६ दिवस गेले होते. तुला आता तीन महिने झाले. घेणाऱ्या असंख्य लोकांना काहीच होत नाही, हेही खरं. पण तुझ्यासारखा आजार असलेल्यांनी ती जोखीम का घ्यावी?

आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं की मुंबईच्या रुग्णांनी घेतलेली वेल म्हणजे दिसायला तशीच दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, असावी. तिच्या खोडावर गाठी असतात. बाबा, तुम्ही कुंपणावरची वेल नीट निरखून पाहाल. पण डबीतल्या चूर्णात गाठी कशा दिसणार?

आता बाबा, तुमचं. तुम्ही घेता त्या गुळवेलीच्या काढ्याने साखर उतरू शकते, आणि तुम्ही मधुमेहासाठी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळीही घेता. परवा नाश्त्याआधी हात थरथरले, घाम फुटला, ते मला वयाचं वाटत नाही. काढा तुमच्या डॉक्टरांना सांगितलेला नाही ना? सांगा, संकोच करू नका. आणि गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आईने चूर्ण आजपासून थांबवायचं. दोघांचीही यकृताची रक्ततपासणी करून घेऊ. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली किंवा अंगाला खाज सुटली, तर माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.

वेल उपटू नका, बाबा. तुम्ही तिला किती जपलंय ते मी पाहिलंय.

शनिवारी पहाटे मी पोहोचतेय. रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असेल तर तसं आधी कळवा, मी सोबत येते. डबीही तशीच ठेवा, डॉक्टरांना दाखवू.

तुमची,
लेक