भयकथा म्हणून विज्ञानकथा बाद होत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या दूरचित्रवाणी मालिकांवर जो लेख आला, त्यात बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतील ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ या कथेची ‘विज्ञानाचा टिळा लावलेली भुताटकी’ अशी संभावना केली आहे. चार भागांची ही कथा १९७५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये दाखवली गेली, तेव्हा आमच्या घरी रेडिओपलीकडे काही नव्हते. मी ती अलीकडे भाच्याच्या लॅपटॉपवर दोनदा पाहिली. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला लेखातील हा शेरा पटण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र.

कथेत भुताटकीचे सामान भरपूर आहे, हे खरे. काळ १९११ चा, इंग्लंडमधील जुना वाडा, आपोआप चालणाऱ्या ममी आणि इजिप्तच्या पिरॅमिडखाली जखडलेला सुतेख. परंतु ममी म्हणजे मुळात यंत्रमानव असून त्यांच्या अंगावरच्या पट्ट्या रसायनात भिजवलेल्या, त्यांना गंज व इजेपासून वाचवणाऱ्या आहेत. सुतेख हा देव नसून एका परग्रहावरील जमातीतला शेवटचा उरलेला आहे, आणि मंगळावरच्या पिरॅमिडमधून येणाऱ्या लहरींनी त्याला बांधून ठेवले आहे. कथेचा शेवट तर संपूर्णपणे भौतिकशास्त्रावर उभा आहे. मंगळावरचे यंत्र नष्ट होते आणि सर्व संपले असे वाटते, तोच डॉक्टरच्या, म्हणजे काळातून प्रवास करणाऱ्या मालिकेच्या नायकाच्या, लक्षात येते, की शेवटची लहर पृथ्वीवर पोहोचेपर्यंत सुतेख जागचा हलू शकणार नाही. तेवढ्या अवधीत डॉक्टर वाड्यावर परततो आणि सुतेख ज्या काळबोगद्यातून बाहेर पडू पाहतो, त्याचे टोक हजारो वर्षे पुढे नेऊन ठेवतो. मालिकेत हा अवधी दोन मिनिटांचा धरला आहे. मंगळ अगदी जवळ आला तरी तो सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे किमान तीन मिनिटे हवीत. गुण कापायचे तर या एका मिनिटाचे कापावेत. रीत बरोबर आहे.

आता भीतीविषयी. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिथे राक्षस म्हटला की आरोळी आलीच. त्या काळच्या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नावच मुळी राक्षसांच्या त्या आरडाओरड्यावरून पडले. सुतेख मात्र जवळजवळ सर्व वेळ मुखवटा चढवून खुर्चीत बसलेला आहे, आणि गॅब्रिएल वुल्फ या नटाने त्याचे बोलणे इतके हळू, इतके आर्जवी ठेवले आहे, की धमकी ऐकतानाही कान पुढे करावा लागतो. माझ्या मते कथेतील सर्वांत भयानक प्रसंगात ममी कुठेच नाही. सुतेखच्या ताब्यात गेलेला मार्कस स्कारमन समोर उभा असताना त्याचा भाऊ लॉरेन्स त्याला दोघांचे जुने छायाचित्र दाखवून बालपणाची आठवण देतो, क्षणभर त्या निर्जीव चेहऱ्यावर ओळख उमटते, आणि मग त्याच हातांनी भावाचा जीव जातो. डॉक्टरला त्यावर हळहळायलाही वेळ नाही, आणि त्याची सहप्रवासी सारा हिने त्याला त्याबद्दल सुनावावे, हेही कथालेखकाने सोडलेले नाही.

आपल्या लेखकाला या कथेला झोडपायचेच होते, तर जागा दुसऱ्या होत्या. चौथ्या भागातील मंगळावरची कोडी निव्वळ वेळ काढणारी आहेत. नमीन हे इजिप्शियन पात्र म्हणजे साहेबाच्या नजरेतला अंधभक्त, ऑर्गन वाजवण्यापलीकडे त्याला स्वतःचे असे काही दिलेलेच नाही. लुइस ग्राइफर यांची मूळ संहिता रॉबर्ट होम्स यांनी जवळपास नव्याने लिहिली आणि श्रेयनामावलीत स्टीफन हॅरिस हे टोपणनाव गेले. या ओढाताणीच्या खुणा शेवटाकडे दिसतात. यातले एकही वाक्य आपल्या लेखात नाही.

एक दुरुस्तीही सुचवतो. सुतेखचा आवाज ‘यंत्रातून काढलेला’ असल्याचे लेखात म्हटले आहे. तो वुल्फ यांचाच आहे, आणि २०२४ मध्ये सुतेख याच मालिकेत परतला तेव्हाही, जवळजवळ पन्नास वर्षांनी, त्यांनीच तो दिला. या खेपेला संगणकाने उभा केलेला अवाढव्य प्राणी होता. जुन्या कथेत सुतेख अखेर खुर्चीतून उठतो तेव्हा मागून कुणाचा तरी हात गादी धरून ठेवताना स्पष्ट दिसतो. गणेशोत्सवातील आमच्या नाटकांत पडद्याखालून दिसणारे पाय आठवले, आणि मी भाच्याला तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितले.

आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली