मधल्या दिवसांतला डाग लपवू नका

संपादक महोदय,

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या औषधदुकानांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बायका दिसू लागतात. मीही कैक वर्षं त्यांतलीच. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नेवऱ्या करायच्या, नैवेद्य आपल्या हातचा हवा; त्यात बाहेर बसावं लागलं तर कसं, हा घोर असतो. गोळ्या घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्याच गोळ्यांवर सगळं ढकलून मी आठ महिने गप्प बसले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्या चवथीनंतर माझ्या दोन पाळ्यांच्या मध्येच डाग दिसू लागले. कधी दहाव्या दिवशी, कधी अठराव्या. आणि संबंधानंतर तर हमखास. गोळ्या चुकवल्या की मध्येच रक्त जातं, हे ऐकलेलं होतं. वय 46, तेव्हा पाळी जायची वेळ आली, हेही मनाशी ठरवून टाकलं. खरी अडचण निराळीच होती. मधला डाग पाळी धरायचा की नाही? धरला तर पुन्हा चार दिवस स्वयंपाकघर आणि देवघर बंद. सासूबाई विचारतील, "परत गो?" म्हणून लपवलं. कपडे रात्री धुतले. पुढे बोलणं निघालं तेव्हा गावातल्या आणखी तिघींनी हेच केल्याचं सांगितलं.

पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे न तपासताच रक्त थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. थांबलं, महिन्याभरात पुन्हा सुरू. शेवटी नर्स असलेल्या माझ्या चुलत नणंदेने मला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. आतून तपासल्यावर गर्भपिशवीच्या तोंडाशी चण्याएवढा लाल पॉलिप, म्हणजे मांसाचा लहान कोंब, दिसला. काही मिनिटांत काढला, तपासणीला पाठवला, साधा निघाला. इतक्या रात्री मी कॅन्सरच्या भीतीने जागून काढल्या होत्या.

नणंदेने मला तेव्हा समजावलेलं इथे लिहिते. काही जणींना बीज सुटण्याच्या सुमाराला, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, एखादा थेंब दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या नव्याने सुरू केल्या की पहिले तीनेक महिने डाग लागू शकतात, तांबी बसवल्यावरही. पाळी जाण्याआधीची काही वर्षं चक्र बिघडतं, थायरॉईडनेही बिघडतं. पिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप, संबंधांतून लागलेला संसर्ग, पिशवीच्या तोंडाची नाजूक झालेली त्वचा ही आणखी कारणं. यांतलं बरंचसं बरं होण्याजोगं आहे. पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरही असाच डाग दाखवतो, आणि लवकर सापडला तर त्यावर इलाज होतो. आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये त्याचा क्रमांक दुसरा आहे. बाहेरून बघून यांतलं कुठलं ते कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी आतून तपासणी, पॅप चाचणी (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन करतात ती), गरज पडली तर सोनोग्राफी करावीच लागते.

दोन गोष्टींत तर एक दिवसही थांबू नये. दिवस राहिल्याची शंका असताना डाग आणि ओटीपोटात एका बाजूला कळ आली, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो, जिवावर बेततं. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर "पुन्हा तरुणपण आलं" म्हणून हसण्यावारी नेऊ नये, दाखवावं.

ज्या घरांत शिवाशिव पाळतात, तिथल्या थोरल्या बायकांना हात जोडून सांगणं आहे: मधल्या डागाचा हिशेब विटाळात धरू नका, आजारात धरा. सुनेला तो सांगायची भीती वाटू नये. औषधदुकानदारांनीही गोळ्या देण्याआधी एवढंच विचारावं, "मध्येच रक्त जातं का?" जात असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवावं.

हे पत्र चवथीच्या आठवड्यापूर्वी छापता आलं तर बरं होईल. बायका दुकानात त्याच सुमाराला जातात.

आपली,
एक वाचक, मये (डिचोली)